२४ व्होल्ट दिसतायत म्हणजे बॅटरी ठीक?

२०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला आणि आमच्या भागात ‘एएमई (विमान देखभाल इंजिनिअर) करायचंय’ म्हणणारी पोरं वाढली. लायसन्स बी-वन (यांत्रिक) घेऊ की बी-टू (एव्हिऑनिक्स), फी किती, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी एकाच गोष्टीवर लिहितोय: उडत्या विमानात बॅटरी गेली तर काय? परीक्षेचं मॉड्यूल ११ असो की १३, हा भाग पोरं वरवर वाचतात आणि मुलाखतीत नेमकी तिथेच आपटतात. मीही आपटलोय. अजून तो प्रश्न निघाला की कानशिलं तापतात.

आधी सोपं ते. इंजिनांचे जनरेटर चालू असताना एकटी बॅटरी गेली, तर फारसं अडत नाही. जनरेटर ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झ एसी देतात, टीआरयू (ट्रान्सफॉर्मर-रेक्टिफायर) त्याचं २८ व्होल्ट डीसी करतात, बॅटरी आपली बाजूला चार्ज होत बसलेली असते. तिची खरी गरज लागते सगळे जनरेटर गेल्यावर. बोइंग ७३७ च्या जुन्या ‘क्लासिक’ पिढीत एका बॅटरीवर स्टँडबाय बस (अत्यावश्यक उपकरणांना वीज वाटणाऱ्या लाइन) ३० मिनिटं चालवायच्या असतात, पुढच्या ‘एनजी’ पिढीत दोन बॅटऱ्यांवर ६०. एअरबस ए३२० ला रॅम एअर टर्बाइन (वाऱ्यावर फिरून आणीबाणीची वीज देणारा पंखा) असते, ७३७ ला नसते.

म्हणजे भीती एका बिघाडाची नाही, दोन एकावर एक येण्याची. जानेवारी २००८ मध्ये बँकॉकला उतरायच्या बेतात असलेल्या क्वान्टासच्या ७४७ मध्ये गॅलीतलं (विमानातल्या स्वयंपाकघरातलं) पाणी खालच्या इलेक्ट्रिकल उपकरणांवर गळलं आणि चारपैकी तीन एसी बस गेल्या. काही मोजकी उपकरणं बॅटरीवर राहिली, विमान सुखरूप उतरलं. पाणी कुठून कुठे मुरतं हे कोकणातल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही, पण तिथे बॅटरी अर्धमेली असती तर? हा ‘तर’ मुलाखत घेणारा हमखास विचारतो.

आता सापळा. बॅटरी ठीक आहे हे कसं ठरवाल? ‘मीटर लावून’ म्हणालात की संपलं.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरच्या बॅटऱ्यांवर हात बसलेली पोरं तर जास्तच फसतात, कारण लेड-अ‍ॅसिडमध्ये हायड्रोमीटर घातला की आम्लाच्या घनतेवरून चार्ज कळतो. विमानातल्या निकेल-कॅडमियम बॅटरीत पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, त्याची घनता चार्जप्रमाणे जवळजवळ बदलतच नाही. हायड्रोमीटर बाद. मग व्होल्टमीटर? २० सेल, प्रत्येकी १.२ व्होल्ट, मिळून २४. पण ही बॅटरी रिकामी होत आली तरी व्होल्टेज धरून ठेवते आणि शेवटी धाडकन पडते. गॅस सिलिंडरचं बघा, शेवटच्या भाकरीपर्यंत आच तीच. शिवाय चार्जर चालू असताना तुम्ही जो आकडा वाचता तो चार्जरचा, बॅटरीचा नव्हे. पुन्हा सांगतो, कारण वाचताना सगळे मान डोलावतात आणि मुलाखतीला बसलं की विसरतात: व्होल्टेज म्हणजे क्षमता नव्हे.

क्षमता कळते ती बॅटरी शॉपमध्येच, म्हणजे वर्कशॉपमध्ये. बॅटरी विमानातून काढायची, पूर्ण चार्ज करायची आणि ठरलेल्या करंटने रिकामी करत एकेका सेलवर मीटर टेकवत बसायचं. समजा ४० अँपिअर-अवरची बॅटरी ४० अँपिअरने ओढतोय, म्हणजे तासभर टिकायला हवी. एकोणीस सेल ठणठणीत, आणि पस्तिसाव्या मिनिटाला अकरावा सेल १ व्होल्टखाली. बाहेरून एकूण आकडा अजून छान दिसतोय! पण वरच्या त्या ३०-६० मिनिटांचा हिशेब इथे कोसळला. पाण्याचंही तसंच. डिस्चार्ज झालेल्या सेलमध्ये पातळी खाली दिसते म्हणून डिस्टिल्ड वॉटर ओतलंत, तर चार्ज होताना ते उतू जाणार. पाणी चार्जच्या शेवटी, मॅन्युअल सांगेल तेवढंच.

बॅटरी तापणं हा वेगळा प्रकार. तापली की अंतर्गत रोध घटतो, चार्जिंगचा करंट वाढतो, ती आणखी तापते. जानेवारी २०१३ मध्ये बोइंग ७८७ च्या लिथियम-आयन बॅटऱ्या पेटल्या-धुमसल्या, आधी बॉस्टनला उभ्या विमानात, मग जपानात उडत्या विमानात, आणि ७८७ विमानं एप्रिलपर्यंत जमिनीवर राहिली. नंतर बॅटरीला स्टीलची पेटी आली, धूर थेट विमानाबाहेर सोडणारी.

प्रश्नसंचाबद्दल माझं मत वाईट आहे. ७५ टक्के पडतील हो, पण पहिल्या उपप्रश्नाला गप्प बसाल. त्यापेक्षा बॅटरी शॉपमधला एखादा खडूस जुना टेक्निशियन गाठा. चार शिव्या देईल, पण तुमच्याकडून सर्किट कागदावर काढून घेईल. क्लासवाल्या सरांपैकी कितीजणांनी सेलचं झाकण उघडलंय, देव जाणे.

मराठी माध्यमाचे आहात म्हणून दडपण घेऊ नका. मेंटेनन्स मॅन्युअलचं इंग्रजी मुद्दाम मोजक्या शब्दांत आणि छोट्या वाक्यांत लिहिलेलं असतं. थोड्या दिवसांत डोळ्याला सवय होते, खरंच होते.

आणि सुरुवातीला बॅटरी शॉपला टाकलं तर नाक मुरडू नका. अंगठी, कडं, गळ्यातली चेन काढूनच आत जा. २४ व्होल्टचा झटका बसणार नाही, पण शॉर्टमध्ये धातू लालबुंद होतो. लेड-अ‍ॅसिडच्या खोलीतला पाना किंवा स्क्रूड्रायव्हर निकेल-कॅडमियमच्या खोलीत नेऊ नका, कुणी ‘पुसून घे की’ म्हणालं तरी.