संयुक्त सूचीतील मराठी नोंदी वाचनीय कशा केल्या

सोलापुरातील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी काम करतो. इतर ग्रंथालयांबरोबर संयुक्त सूची, म्हणजे सर्वांच्या पुस्तकांची एकत्रित यादी, उभारण्यासाठी आम्ही आमच्या नोंदी मार्क २१ या ग्रंथालयीन नोंदींच्या प्रमाणित संगणकीय स्वरूपात पाठवल्या, तेव्हा इंग्रजी पुस्तके नीट उमटली. मराठी शीर्षकांच्या जागी मात्र रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची सरमिसळ दिसू लागली. आमच्या जुन्या नोंदी युनिकोडपूर्व (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतील चिन्हाला स्वतंत्र संकेत देणारी प्रमाण पद्धत) फाँटात टंकलेल्या होत्या, म्हणजे संगणकात साठलेले होते रोमन संकेत आणि देवनागरी होते केवळ त्यांचे रूप.

संगणकशास्त्र विभागातील सहकाऱ्यांनी हे संकेत युनिकोडमध्ये बदलणारा रूपांतराचा प्रोग्राम लिहिला. पहिली वेलांटी व्यंजनानंतर आणि रफार अक्षराआधी नेण्याचे नियम आम्ही मुखपृष्ठांशी ताडून त्यांना दिले. हे काम एकट्या ग्रंथपालाला किंवा एकट्या प्रोग्रामरला जमले नसते.

तरीही फाइल स्वीकारली जाईना. मार्क नोंदींची फाइल ज्या आयएसओ २७०९ रचनेत असते तिच्यात प्रत्येक नोंदीची व तिच्यातील क्षेत्राची (शीर्षक, लेखक अशा भागाची) लांबी बाइट या साठवणीच्या एककात लिहिलेली असते, आणि यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह ३ बाइट घेते. आम्ही मजकूर थेट फाइलमध्येच बदलल्याने ही सारी मापे चुकली होती. मग मूळ फाइल मार्कएडिट या मार्क नोंदी संपादित करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून तिचे साध्या मजकुरात रूपांतर केले, त्यावर प्रोग्राम चालवला, लीडरच्या, म्हणजे नोंदीच्या सुरुवातीच्या माहितीपट्टीच्या, ०९ या स्थानी युनिकोडदर्शक ‘ए’ हे रोमन अक्षर घातले आणि फाइल पुन्हा बांधली. लांबी आपोआप नव्याने मोजली गेली.

आता कन्नड आणि तेलुगू पुस्तकांच्या नोंदी उरल्या आहेत. त्यांच्या फाँटांसाठी स्वतंत्र तक्ते तयार करत आहोत.