रस्त्यावरच्या मुलांसाठी संस्था काढताना

महाराष्ट्रात संस्था ‘सोसायटी’ म्हणून नोंदवायला किमान सात सदस्य लागतात. सोबत धर्मादाय कार्यालयात सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद करा. ‘१२ अ’ आणि ‘८० जी’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या आयकर सवलतीच्या नोंदण्या (पहिली संस्थेच्या उत्पन्नासाठी, दुसरी देणगीदारांसाठी) त्यानंतर.

वसतिगृहाची घाई नको. स्टेशनजवळ एक खोली घ्या: आंघोळीला पाणी, कुलपाचे छोटे कप्पे, मलमपट्टीचं सामान. उघडण्याची वेळ रोज तीच ठेवा. दोनदा दार बंद दिसलं की मूल तिसऱ्यांदा फिरकत नाही.

एकटं मूल सापडलं तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर कळवा. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत त्याला अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या सरकारी बालकल्याण समितीपुढे न्यावंच लागतं. कळवळ्यापोटी परस्पर ठेवून घेतलं तर घरच्यांचा शोध लांबतो, आणि संस्थाही अडचणीत येते. निवासी सोय करायची तर बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ४१ खाली वेगळी नोंदणी हवी. नसेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाखाचा दंड, किंवा दोन्ही.

देणगीदार फोटो मागतील. देऊ नका. मुलाची ओळख उघड करायला याच कायद्याच्या कलम ७४ ची मनाई आहे.

वह्या-दप्तरं सहज मिळतात, पगाराला पैसे मिळत नाहीत. म्हणून आधी कार्यकर्त्यांच्या वर्षभराच्या पगाराची तरतूद करा. ओळखीची ताई मध्येच सोडून गेली की मुलं पुन्हा फलाटावर जातात.