पेट्रोलला पर्याय निवडताना

आधी दर किलोमीटरचा खर्च काढा: इंधनाचा दर भागिले प्रत्यक्ष मिळणारं मायलेज. इलेक्ट्रिकचे युनिट मात्र घरच्या मीटरवर मोजा. चार्जिंगमध्ये वाया जाणारी दहाएक टक्के वीज गाडीच्या स्क्रीनवर दिसत नाही.

दारात गाडी लावायला जागा असेल तर इलेक्ट्रिकच बघा. ३० युनिटची बॅटरी ३.३ किलोवॅटच्या चार्जरवर भरायला नऊ-दहा तास लागतात. त्याआधी महावितरणकडून मंजूर भार (घराला एका वेळी घेता येणाऱ्या विजेची मर्यादा) वाढवून घ्या. मराठवाड्यात खरी अडचण अर्थिंगची. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं आणि चार्जर चालूच होत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला. तरीही जमलं नाही तर इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

सीएनजी पंप जवळ असेल तरच. ६० लिटरच्या टाकीत गॅस जेमतेम ८ ते १० किलो बसतो, डिकीही जाते. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी मजबुतीची तपासणी) दर ३ वर्षांनी.

हायब्रिडचा (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेल्या गाडीचा) फायदा संभाजीनगरच्या जालना रोडसारख्या गर्दीत, कारण ब्रेक दाबताना बॅटरी भरते. लातूर-नांदेड सरळ पळवलं तर तो बराच घटतो. मागच्या सीटजवळ बॅटरीच्या पंख्याची जाळी असेल तर तिच्यासमोर पिशव्या कोंबू नका. धुळीने ती तुंबली की बॅटरी तापते.