वनस्पती आणि प्राणी पेशीतला फरक शिकवताना तक्ता शेवटी काढा

आठवीला पेशी शिकवायला घेतली की आपण लगेच फळ्यावर दोन कॉलम आखतो आणि मुलं पाठ करून मोकळी होतात. त्याआधी स्लाइड दाखवा ना, अख्ख्या शाळेत एकच मायक्रोस्कोप असला तरी चालतं, ओळीने बघू द्या.

कांद्याची पातळ पापुद्र्यासारखी साल काढून पाण्याच्या थेंबात सपाट पसरवा, आयोडीनचा एक थेंब टाका, वरून कव्हरस्लिप तिरकी धरून हळूच सोडा म्हणजे बुडबुडे येत नाहीत. दुसऱ्या स्लाइडवर गालाच्या आतल्या बाजूच्या पेशी घ्या, नवीन टूथपिकने अलगद खरवडून, आणि मिथिलीन ब्लू (पेशी रंगवणारा निळा रंग) घाला. टूथपिक प्रत्येकाची वेगळी आणि वापरली की फेकायची, यात तडजोड नाही!

आता मुलांना जे दिसतंय तेच काढायला सांगा, पुस्तकातलं चित्र नाही. कांद्याच्या पेशी विटांसारख्या चिकटून, गालाच्या वेड्यावाकड्या आणि सुट्या. केंद्रक दोन्हीकडे दिसतं. मग विचारा, कांद्यात हरितलवकं, म्हणजे पेशीतले हिरवे कण, कुठायत? नसतातच, कारण कांदा जमिनीखाली वाढतो, हरितलवकं दाखवायला हायड्रिला या पाणवनस्पतीचं पान लावा. माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, नाहीतर "वनस्पती पेशी म्हणजे हिरवी" हे डोक्यात पक्कं बसतं.

वेळ उरला तर लाल कांद्याच्या रंगीत सालीवर मिठाचं घट्ट पाणी सोडा, थोड्या वेळात आतला रंगीत भाग आकसतो पण पेशीभित्तिका जागची हलत नाही. पेशीपटल वेगळं, भित्तिका वेगळी, हे तिथे डोळ्यांना दिसतं. तक्ता यानंतर, आणि तो मुलांनाच भरू द्या.