सोसायटीची सिक्युरिटी सुधारायचीय? ग्रुपवर नको, कागदावर भांडा

आमची पुण्यातली ८४ फ्लॅटची सोसायटी. पार्किंगमधून एका आठवड्यात दोन गिअरच्या सायकली गेल्या. ग्रुपवर मेसेजचा पाऊस, चेअरमनना शिव्या घालून झाल्या, वॉचमनला काढा काढा झालं आणि चौथ्या दिवशी पाणी आलं नाही म्हणून सगळे तिकडे वळले. फुटेज बघायला गेलो तर डीव्हीआरची (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याची) हार्डडिस्क कधीचीच गेलेली, स्क्रीनवर लाइव्ह चित्र दिसायचं म्हणून कुणाला शंकाच आली नाही. मग मी आणि अजून तिघं मागे लागलो, सहा महिन्यांनी कुठे गाडी हलली. त्यातनं जे कळलं ते लिहितोय.

आधी रात्री दोन-अडीचला एक चक्कर मारा, दोघं जा, मोबाइलवर फोटो काढा. पार्किंगमधले किती दिवे बंद आहेत, कंपाउंडला कुठे झाड टेकलंय, गच्चीला कुलूप आहे का, दूधवाल्यासाठी म्हणून मागचं गेट रात्रभर नुसतं लोटून ठेवलेलं असतं का. व्हिजिटर रजिस्टर चाळा. आमच्यात मला "नाव – कुरिअर, फ्लॅट – ३०२, काम – काम" अशी एंट्री मिळाली आणि आउट टाइमचा कॉलम पानंच्या पानं कोरा. कॅमेऱ्याची परीक्षा अशी घ्या की वीस दिवसांपूर्वीची अमुक तारीख, रात्री दहाचं रेकॉर्डिंग दाखवा म्हणायचं आणि त्यात गेटवरच्या गाडीचा नंबर वाचता येतो का बघायचं, नाही आला तर तो कॅमेरा शोभेचा. लाइट गेल्यावर डीव्हीआर चालू राहतो का तेपण विचारा.

झोपलेल्या वॉचमनचा फोटो मात्र ग्रुपवर टाकू नका प्लीज. त्याऐवजी हा हिशोब करा. आठवड्याचे तास १६८, एका माणसाची ड्युटी ८ तास आणि एक सुट्टी धरली तर ४८, म्हणजे एक जागा चोवीस तास भरायला साडेतीन माणसं लागतात. आमच्याकडे एका गेटवर दोनच होते, १२-१२ तास, सुट्टी नाही, आणि एक जण गावाला गेला की दुसरा सलग २४ तास. मग तो झोपणार नाही तर काय करणार! आपणच सगळ्यात स्वस्त कोटेशनवाली एजन्सी घेतली होती, हे आधी कबूल करा, नाहीतर पुढची पण तशीच घ्याल.

आता कागद. पहिल्यांदा तुमची रीतसर सहकारी गृहनिर्माण सोसायटी आहे का अपार्टमेंट ते बघा, पुण्यात नावात सोसायटी आणि कागदावर अपार्टमेंट असा घोळ खूप असतो. अपार्टमेंट असेल तर १९७० चा अपार्टमेंट मालकी कायदा आणि तुमचं डिक्लेरेशन डीड (अपार्टमेंटचं नोंदवलेलं घोषणापत्र) लागू, मी खाली लिहितोय ते सोसायटीचं आहे.

सोसायटीत एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की कमिटीला एका महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावीच लागते, ती त्यांच्या मर्जीची गोष्ट नाही. ८४ चे एक पंचमांश म्हणजे १७ सह्या, पण १७ वर थांबू नका, आयत्या वेळी दोघं-तिघं "मी तसं म्हटलं नव्हतं" करतात, आम्ही ३१ घेतल्या. सही सभासदाचीच हवी, भाडेकरूची मोजत नाहीत, त्यामुळे ज्यांचे मालक बाहेरगावी आहेत त्यांच्या मालकांना आधी फोन. पत्र लांबवायचं नाही, आमचं साधारण असं होतं:

"आम्ही खाली सही करणारे सभासद सोसायटीच्या सुरक्षेबाबत विशेष सर्वसाधारण सभा बोलावण्याची मागणी करत आहोत. विषय: १) सध्याच्या सुरक्षा एजन्सीच्या करारावर निर्णय, २) मागील गेट व पार्किंगमधील सीसीटीव्ही, ३) वाढीव खर्चास मंजुरी."

ऑफिसमध्ये दोन प्रती न्या, एकीवर तारखेसकट इनवर्डचा (पत्र मिळाल्याचा) शिक्का घेऊनच बाहेर पडा. घेत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा, ब्लू टिकला काही अर्थ नाही. महिना उलटला तरी सभा नाही लागली तर त्या शिक्क्याच्या झेरॉक्ससकट सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. आमच्यात तेवढी वेळ आली नाही, सेक्रेटरींना हे माहीत आहे एवढं कळल्यावरच तारीख पडली. तुमची वार्षिक सभा जवळ असेल (३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते) तर त्याच अजेंड्यात विषय घालून घ्या, तेवढी धावपळ वाचते.

सभेत खरं भांडण पैशावर होतं. "पूर्वी काय चोऱ्या होत नव्हत्या का" म्हणणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात आणि त्यांना तत्त्वज्ञान नको असतं, आकडा पाहिजे असतो. समजा दोन गार्ड वाढवले, प्रत्येकी २२,००० धरले तर ४४,००० भागिले ८४, म्हणजे फ्लॅटमागे महिना साधारण ५२४ रुपये, टॅक्स वेगळा. तीन बीएचकेवाले आणि वन बीएचकेवाले यांची इथेच जुंपते, तर आदर्श उपविधीप्रमाणे (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) वॉचमनचा पगार हा सेवाशुल्कात येतो आणि तो सगळ्या फ्लॅटना सारखा, स्क्वेअर फुटावर नाही. उपविधीचं ते पान प्रिंट काढून न्या, अर्धा तास वाचेल.

कोटेशन तीन घ्या. प्रत्येक एजन्सीकडे २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचं लायसन्स मागा, त्यावरची मुदत वाचा, गार्डच्या पोलीस व्हेरिफिकेशनची आणि पीएफ-ईएसआयसी भरल्याच्या चलनांची कॉपी मागा. चलन मागितल्यावर एक एजन्सी परत फोनच उचलेना, बरं झालं. करारात लिहून घ्या की गार्ड आला नाही तर त्या शिफ्टचे पैसे कापणार आणि बदली माणूस किती वेळात देणार.

सभेत हमखास कुणीतरी "कामवाल्या बायकांच्या पिशव्या तपासा" काढतं, तो विषय वाढू देऊ नका. आमच्या दोन्ही सायकली मागच्या गेटनंच गेल्या असणार, आणि तिथे पिशवी तपासायला काय, बघायला पण माणूस नव्हता.

ठराव घरूनच लिहून न्या. "सुरक्षा वाढवण्यात यावी" असला ठराव फायलीत झोपतो. काय, किती रुपयांपर्यंत, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोण बघणार, चारही पाहिजे. इतिवृत्त आलं की ताबडतोब वाचा, आमच्यात पहिल्या ड्राफ्टमधून तारीखच गायब होती, मेल केल्यावर परत आली.

आणि केबिनला पंखा आणि जवळपास टॉयलेट आहे का, तेपण त्याच ठरावात घाला. आमच्याकडे टॉयलेट नव्हतं. रात्रीचा माणूस तेवढ्यासाठी गेट सोडून क्लब हाउसच्या मागे जायचा, आणि जायला-यायला पंधरा मिनिटं.