यीस्टच्या प्रोटॉन पंपात म्युटेशन करताय? या चुका टाळा

पावाच्या यीस्टच्या पेशीपटलात पीएमए१ नावाचा पंप असतो. एटीपी (पेशीचं ऊर्जा देणारं रेणू-इंधन) फोडायचा आणि प्रोटॉन बाहेर ढकलायचे, एवढंच त्याचं काम. पण ते थांबलं की पेशी मेली. या ९१८ अमिनो आम्लांच्या प्रथिनाचं जनुक १९८६ मध्ये क्लोन झालं. कोणतं अमिनो आम्ल काय करतं हे कळायला ते बदलून बघायचं, इतका हा मार्ग सोपा दिसतो. फसगत होते ती निष्कर्ष काढताना.

‘ॲक्टिव्हिटी शून्य, म्हणजे हे अमिनो आम्ल अत्यावश्यक’

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. म्युटंट काम करत नाही याचा अर्थ तो पंप म्हणून नापास झाला असं नाही. बऱ्याचदा तो कामाच्या जागेपर्यंत पोचलेलाच नसतो. प्रथिनाची घडी नीट बसली नाही की पेशी त्याला ईआरमध्येच, म्हणजे प्रथिनं घडवणाऱ्या आतल्या जाळ्यातच, अडकवून ठेवते.

येल विद्यापीठात कॅरोलिन स्लेमन यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवलेलं उदाहरण प्रत्येक नवख्याने आधी वाचावं. पटलातून आरपार जाणाऱ्या पाचव्या हेलिक्समधलं (मळसूत्री तुकड्यातलं) आर्जिनिन ६९५ आणि सहाव्यातलं ॲस्पार्टेट ७३०; आकडा म्हणजे साखळीतली जागा. यातलं एकच बदललं तर घडी बिघडते. इथे थांबलं असतं तर ‘ॲस्पार्टेट ७३० प्रोटॉन वाहून नेतं’ असं कुणीही छातीठोकपणे लिहिलं असतं. पण दोघांची अदलाबदल केली, किंवा दोन्ही जागी ॲलानिन घातलं, तर पंप तयार होतो, पुढे जातो आणि प्रोटॉनही ढकलतो. म्हणजे ती जोडी विरुद्ध विद्युतभारांनी एकमेकांना धरून रचना सांभाळत होती. गंमत अशी, की ॲराबिडॉप्सिस या वनस्पतीच्या पंपात त्याच जागचं ॲस्पार्टेट प्रोटॉनच्या वाहतुकीसाठी कळीचं मानलं जातं. तिकडचा निकाल यीस्टवर डोळे झाकून लादू नका.

तेव्हा आधी वेस्टर्न ब्लॉट (जेलवर प्रथिनं वेगळी करून अँटिबॉडीने हवं ते ओळखण्याची चाचणी) करून प्रथिन किती पोचलं ते बघा आणि ॲक्टिव्हिटी त्या प्रमाणात मांडा. ब्लॉटचा नमुना उकळू नका. हे प्रथिन उकळलं की गोळा होऊन जेलच्या तोंडाशीच बसतं आणि तुम्ही म्हणता, ‘एक्स्प्रेशनच नाही.’ ३७ अंशांवर ठेवलं तरी भागतं. घडीबद्दल शंका असेल तर थोडं ट्रिप्सिन (प्रथिनं चिरणारं विकर) घालून बघा: नीट घडलेला पंप व्हॅनाडेटच्या (पंप थांबवणाऱ्या रसायनाच्या) उपस्थितीत बराच टिकाव धरतो, बिघडलेला झटकन चिरला जातो.

मूळ पंपाची सावली

पीएमए१ शिवाय पेशी जगत नाही, म्हणून मूळ जनुक गॅलॅक्टोजवर चालणाऱ्या प्रमोटरखाली (जनुकाच्या बटणाखाली) ठेवतात आणि ग्लुकोज देऊन ते बंद करतात. पण जनुक बंद झालं तरी आधी बनलेला पंप पेशीपटलात तासन्‌तास टिकून राहतो. सगळं मेम्ब्रेन एकत्र काढून मोजलंत तर म्युटंटच्या नावावर मूळ पंपाचीच कमाई जमा होते. यावरचा उपाय म्हणजे एसईसी६-४ हा तापमान-संवेदी स्ट्रेन. ३७ अंशांच्या वर नेल्यावर स्रावी पुटिका (प्रथिनं पटलाकडे नेणाऱ्या छोट्या पिशव्या) पेशीपटलाशी जुळत नाहीत, आत साठत जातात, आणि त्यांत नुकताच बनलेला पंपच सापडतो. म्युटंट जनुक पेशीत प्लाझ्मिडवरून, म्हणजे डीएनएच्या छोट्या कड्यावरून, येतं; सोबत ते जनुक नसलेल्या रिकाम्या प्लाझ्मिडच्या पुटिका नेहमी मोजा.

फॉस्फेट ज्यावर बसतं त्या ॲस्पार्टेट ३७८ मधले बदल तर आणखी खोडकर. बिघडलेलं प्रथिन मूळ पंपालाही सोबत अडकवतं, म्हणून पेशी मरते. अशा प्लेटवर दोन-चार कॉलनी छान वाढल्या तर हुरळून जाऊ नका. मूळ जनुकाशी देवाणघेवाण होऊन म्युटेशन पुसलं गेलेलं असू शकतं. यीस्टमधून प्लाझ्मिड परत काढा, सीक्वेन्स करा, मगच पुढे बोला.

ॲसेमधले (ॲक्टिव्हिटी मोजण्याच्या चाचणीतले) खड्डे

एटीपी किंवा फॉस्फेट तोडणारी बाकीची विकरं थांबवायला काय घालायचं, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या एटीपेजसाठी (एटीपी फोडणाऱ्या विकरासाठी) ॲझाइड, व्हॅक्युओलच्या पंपासाठी नायट्रेट, आम्लधर्मी फॉस्फेटेजसाठी मॉलिब्डेट; हे सगळ्यांना पाठ असतं. घोळ व्हॅनाडेटमध्ये होतो. द्रावण पिवळं-नारिंगी दिसलं तर त्यात रेणूंचे पुंजके झालेले आहेत. पीएच १० वर आणा, रंग जाईपर्यंत उकळा, थंड करून पीएच पुन्हा तपासा. रंगहीन राहीपर्यंत हेच.

त्याहून मोठी गोम वजाबाकीत आहे. ‘व्हॅनाडेटने थांबते तेवढीच पंपाची ॲक्टिव्हिटी’ हा हिशेब मूळ पंपाला लागू पडतो. हायग्रोमायसिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा एक प्रसिद्ध म्युटंट आहे, सेरिन ३६८ च्या जागी फेनिलॲलानिन असलेला. तो व्हॅनाडेटलाही जुमानत नाही. त्याची खरी ॲक्टिव्हिटी ही वजाबाकी ‘बॅकग्राउंड’ म्हणून फेकून देते. अशा वेळी रिकाम्या प्लाझ्मिडचाच आकडा वजा करावा.

पेशी गोळा करतानाचं ग्लुकोजही विसरू नका. उपाशी पेशीत प्रथिनाचं शेपूट पंपाला दाबून ठेवतं. ग्लुकोज मिळालं की सेरिन ९११ आणि थ्रिओनिन ९१२ वर फॉस्फेट बसतं आणि पंप मोकळा होतो. एक नमुना लगेच गोठवला आणि दुसरा नुसत्या पाण्यात तासभर राहिला, तर तुम्ही म्युटेशन नव्हे, उपासमार मोजताय.

एटीपी फुटतो, पण प्रोटॉन हलतो का?

एटीपी फुटून सुटलेलं फक्त फॉस्फेट मोजून थांबणं ही शेवटची चूक. पुटिकांत ॲक्रिडिन ऑरेंज हा चमकणारा रंग घाला, एटीपी द्या. आत आम्ल वाढतं तशी चमक उतरते. सुरुवातीचा उतार मोजा, तळ नव्हे. तुलना मात्र एकाच आकड्याची नको: मूळ पंपाला कमी-कमी एटीपी देऊन त्याचा वेग उतरवा, उताराचा आलेख एटीपी फुटण्याच्या वेगासमोर काढा आणि म्युटंटची रेघ त्याच्याशेजारी ठेवा. सेरिन ८०० च्या जागी ॲलानिन आलं की रेघ खाली सरकते (तेवढ्याच एटीपीत कमी प्रोटॉन हलतात), ग्लुटामेट ८०३ च्या जागी ग्लुटामिन आलं की वर. नुसत्या एटीपेज ॲसेत हा फरक दिसला नसता.