घरच्या वाइन टेस्टिंगला स्टार्टर्स ठरवताय? या चुका टाळा

घरी वाइन टेस्टिंग ठेवायचं म्हटलं की बाटल्यांवर आठवडाभर चर्चा होते. नाशिकची घ्यायची की अकलूजची, शिराझ ही रेड वाइन कुणाची, गुलाबी रोझे हवी की नको. खाण्याचा विषय मात्र संध्याकाळी सहाला फोनवर ऑर्डर देऊन उरकतात. ठाणे आणि नवी मुंबईत अशा बऱ्याच बैठकांना मी जाते, आणि ज्या फसल्या त्यांतल्या बहुतेक स्टार्टर्सनीच फसवल्या. बाटल्या ठरल्यावरच पदार्थ ठरवा. एवढं पाळलं तरी निम्म्या चुका होत नाहीत.

सगळ्यात जास्त नुकसान तिखटाने होतं. नेरुळला एका मित्राकडे चार बाटल्या होत्या: सोव्हिन्यों ब्लाँ आणि चेनिन ब्लाँ या दोन व्हाइट, एक रोझे आणि शेवटी त्याने मुद्दाम जपून ठेवलेली शिराझ. स्टार्टर्स बाहेरून आलेले. पनीर चिली, शेजवान स्प्रिंग रोल, तंदुरी मश्रूम आणि डबाभर हिरवी चटणी. पहिली वाइन ओतायच्या आधीच ताटल्या फिरल्या. सोव्हिन्यों ब्लाँचा वास घ्या म्हटलं तेव्हा अर्धी मंडळी नाक पुसत होती. शिराझपर्यंत पोचेतो सगळ्यांच्या हातात बर्फाचं पाणी होतं, आणि मित्राचे काका एक घोट घेऊन म्हणाले, “अरे, ही कडू झालीये. बाटली बाद आहे, बदलून आण.” मित्राचा चेहरा पडला.

मी ताटल्या आत नेल्या. घरात पाव होता, साधं पनीर होतं. पनीरचे बोटभर तुकडे केले, तव्यावर जरा शेकले, वर मीठ आणि भरडलेली मिरी. पंधरा-वीस मिनिटं कुणालाही पाव आणि पाण्याशिवाय काही दिलं नाही. मग तीच बाटली परत ओतली. पनीर चावून घोट घेतल्यावर त्याच काकांनी “जांभळासारखा वास येतोय की” म्हणत ग्लास पुढे केला.

यामागचं कारण सरळ आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहींना चेतवतं आणि आपल्याला भाजल्यासारखं वाटतं, त्याच ग्राहींवर अल्कोहोलही काम करतं. १२-१४ टक्के अल्कोहोलची वाइन वर ओतली की जळजळ वाढते. त्यात रेड वाइनमधलं टॅनिन हे तुरट द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना चिकटून तोंड कोरडं पाडतं. होरपळलेल्या जिभेला तो तुरटपणा फारच बोचतो. पनीर आणि चीजमधली प्रथिनं तेच टॅनिन स्वतःकडे ओढून घेतात आणि मीठ कडवटपणा दाबतं, म्हणून वाइन एकदम मऊ लागते.

“पण आपल्याला तिखटाशिवाय चालत नाही” हे मला दर वेळी ऐकवतात. तास-दीड तास चालतं. कोथिंबीर वडीत मिरची नावापुरती घाला, तीळ जरा सढळ हाताने घाला. सोव्हिन्यों ब्लाँच्या हिरव्या, गवताच्या वासाशी कोथिंबीर छान जुळते. अळूवडीत चिंच-गूळ असतो, तिला किंचित गोडसर चेनिन द्या. साबुदाणा वडा किंवा साधे खारे वेफर्स स्पार्कलिंगबरोबर द्या, कारण त्यातली आम्लता आणि बुडबुडे तेलकटपणा धुऊन काढतात. चटणी मात्र टेबलावर ठेवूच नका. दिसली की हात जातोच.

दुसरी चूक खास आपल्या खाडीकाठची. बेलापूरच्या दिवाळे गावातल्या मासळी बाजारातून बांगडा आणायचा, खरपूस तळायचा आणि कॅबर्ने या रेड वाइनबरोबर वाढायचा. मग तोंडात लोखंडाची, शिळ्या मासळीची चव येते आणि बोल लागतो कोळणीला. बांगडा ताजाच असतो. जपानमधल्या संशोधकांनी २००९ साली स्कॅलॉप आणि वेगवेगळ्या वाइन्स घेऊन हे तपासलं होतं. वाइनमध्ये लोह जितकं जास्त, तितकी ही हिवस चव जास्त. रेडमध्ये लोह सहसा जास्त सापडतं, आणि बांगड्यासारखा तेलकट मासा त्यात भर घालतो. मासे हवेतच ना? मग रवा लावलेले कुरकुरीत बोंबील करा, मसाला हळद-मीठ-लिंबापुरता ठेवा आणि व्हाइट थंडगार द्या. मी रेडबरोबर मटण खिम्याचे छोटे कबाबच करते, शाकाहारी मंडळींसाठी तेच शेकलेलं पनीर.

अक्रोड रेडबरोबर ठेवू नका. त्याच्या सालीतही टॅनिन असतं, दोन्हीकडचा तुरटपणा एकत्र येतो. वाशीला एपीएमसीच्या मसाला मार्केटमध्ये काजू-बदाम चांगले मिळतात, ते घरी भाजून मीठ लावा.

गोड पदार्थ मध्येच फिरवू नका, पुढची प्रत्येक ड्राय, म्हणजे गोड नसलेली वाइन आंबट लागेल. अंजीर बर्फी द्यायची तर शेवटी, लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांच्या गोड चेनिनबरोबर.

उदबत्ती आणि रूम फ्रेशनर बंद.

चीज तासभर आधी बाहेर काढा असं सगळीकडे वाचायला मिळतं. तो सल्ला थंड हवेतला आहे. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दमट हवेत तेवढ्या वेळात त्याला तेल सुटतं. पंधरा मिनिटं पुरतात. रेडही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मगच उघडा. ती १६-१८ अंशांना चांगली लागते, आपली खोली तीसच्या घरात असते.

आता घाईबद्दल. रील बघून लाकडी पाटावर वीस पदार्थ मांडायचे, फोटो काढायचे आणि मग कशाबरोबर काय खायचं ते पाहुण्यांनी ठरवायचं, याचा मला मनापासून राग येतो. पहिल्याच वेळी सहा वाइन्स आणि पंधरा पदार्थ कुणालाच झेपत नाहीत. तीन वाइन्स, तीन पदार्थ, एवढंच करा. आदल्या रात्री प्रत्येक पदार्थाचा एक घास करून बघा: आधी घोट, मग घास, मग परत घोट. दुसरा घोट पहिल्यापेक्षा वाईट लागला तर तो पदार्थ यादीतून काढा, कितीही आवडता असला तरी. मी हे दर वेळी करते, ओळखीच्या बाटल्या असल्या तरी करते. फ्रोजन नगेट्स आणि तयार मेयॉनीज डिपवर वेळ वाचवणाऱ्यांनी निदान ही एक रात्र काढावी.

ताटल्या एकदम बाहेर आणू नका. हलक्या व्हाइटपासून जड रेडकडे जा आणि प्रत्येक वाइनबरोबर तिचीच ताटली आणा. पाहुण्यांनी आधी नुसती वाइन चाखावी, मग खावं. माणशी ५०-६० मिली ओतली तर ७५० मिलीची बाटली बारा जणांना पुरते, आणि खायला प्रत्येक वाइनमागे दोन-तीन घास बास. पोट भरायचं काम जेवणाचं. ते बाटल्या संपल्यावर वाढा, तेव्हा झणझणीत रस्सा केलात तरी काही बिघडत नाही.